हृदयपरिवर्तन नको, झडप शिवा!



ह्या देशात आपल्यासाठी सगळ्यात जास्त झिजवलेला शब्द कुठला असेल तर तो 'हृदयपरिवर्तन'. १९३२ च्या सप्टेंबरात पुणे करार झाला, त्याच वर्षी हरिजन सेवक संघ निघाला, आणि तेव्हापासून आपण ऐकतोय. थांबा, सवर्णांचं हृदयपरिवर्तन होईल. कायद्यानं काय होतं, मनं बदलली पाहिजेत, थांबा.

थांबलो. १९७८ साली ते हृदय काय चीज आहे हे मराठवाड्यानं बघितलं. २७ जुलैला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि इकडं वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, आणि तेही नामांतर नाही, नामविस्तार.

तर त्या हृदयाबद्दल मला काही बोलायचं नाही. ज्याचं त्यानं बघावं. मला बोलायचंय आपल्या पोरांच्या हृदयाबद्दल. कवितेतल्या नव्हे. खऱ्या. बरगड्यांच्या आत, मुठीएवढ्या, मांसाच्या. दिवसाला लाखभर वेळा आवळणाऱ्या आणि सैल होणाऱ्या. त्यात झडपा असतात, आणि आपल्या वस्तीतल्या काही पोरांच्या झडपा गळतायत. त्या शिवता येतात. शिवल्या जात नाहीत. मुद्दा एवढाच आहे. पण ह्या एवढ्याशा मुद्द्यात सगळी जातव्यवस्था दडून बसलीय, ती बाहेर ओढतो.

१

मुरुडच्या आमच्या वस्तीतली पोरगी. माझ्या बहिणीची. वय १३.

चार वर्षांमागं तिचा घसा दुखला. घसा कुणाचा दुखत नाही? मिठाच्या गुळण्या केल्या, राहिला. दोन-तीन आठवड्यांनी ताप आला आणि गुडघा सुजला. गुडघा उतरला तर घोटा धरला. घोटा उतरला तर मनगट. म्हातारी म्हणाली, वाऱ्याचं दुखणं आहे. बिब्बा लावला. एका दवाखान्यात दुखण्याची सुई टोचली, सलाईन लावलं, पैसे घेतले. दुसऱ्यानं सांगितलं, वाढीचं वय आहे, हाडं दुखतातच. पुढं दुखणं आपोआप गेलं. पोरगी शाळेत जायला लागली. सगळे विसरले.

मागच्या हिवाळ्यात बहीण म्हणाली, "दादा, ही आडवी झोपतच नाही बघ. भिंतीला टेकून बसायलीय रातभर. आडवं झालं की जीव घाबरा होतोय म्हणती. दोन घागरी आणल्या की धाप लागायलीय."

शेवटी एका सरकारी दवाखान्यात नवीनच आलेल्या डॉक्टरीणबाईनं तिला स्वेटर काढायला लावलं. छातीच्या डाव्या अंगाला नळी ठेवली. कुशीवर वळवलं, पुन्हा ठेवली. बराच वेळ डोळे मिटून ऐकत बसली. मग म्हणाली, "आवाज येतोय. इको करावा लागेल."

चार वर्षांत सगळ्यांनी गुडघा बघितला होता. छातीला कान लावणारी ती पहिली.

इको झाला. डाव्या बाजूची, दोन पडद्यांची झडप. डॉक्टर तिला मायट्रल म्हणतात. पडदे जाड झालेत, आखडलेत, एकमेकांना नीट मिळत नाहीत. रक्त पुढं जायचं ते अर्धं माघारी फुप्फुसाकडं येतंय.

बहिणीला काही कळेना. मी तिला बोअरवरचा हापसा दाखवला. हापशाचं वायसर गेलं की काय होतं? दांडा वर-खाली, वर-खाली, हात तुटायची पाळी येते, आणि पाणी वर यायच्या आत परत खाली जातं. तिला लगेच कळलं. आयुष्य हापशावर गेलंय तिचं. म्हणाली, "म्हणजे लेकराचं काळीज दुप्पट हापसायलंय?"

हो आक्का. दुप्पट हापसतंय. आणि हापसून हापसून एक दिवस दमणार आहे.

२

मराठी भाषेत 'शिवणे' हा एकच शब्द दोन कामं करतो. शिवणं म्हणजे हात लावणं. शिवणं म्हणजे सुई-दोऱ्यानं जोडणं. ज्यांनी आपल्याला पिढ्यान् पिढ्या शिवलं नाही, ते आपल्या पोरांच्या झडपा शिवणार कसे? कारण हे दुखणं असं आहे की आधी शिवावं लागतं, तेव्हाच ते कळतं. उघड्या छातीवर नळी टेकवावी लागते, पाठीवर हात ठेवावा लागतो, श्वास सोड म्हणून सांगावं लागतं आणि शांतपणे ऐकावं लागतं. टेबलाच्या पलीकडून, पोराकडं न बघता, चिठ्ठी खरडून हा आवाज ऐकू येत नाही.

१८१६ साली लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरला एका बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्यानं कागदाची सुरळी केली. तीच पहिली नळी. त्यानं संकोचातून मार्ग काढला, कारण ऐकणं भाग होतं. आणि आमच्याकडं?

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत दिलीय. त्या शिक्षकाचं पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापलं होतं, म्हणजे गांधींच्याच पत्रात. त्याची बायको बाळंतीण, तापलेली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. तिला वस्तीबाहेर आणा म्हणाला. आणली. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्यानं नवऱ्याच्या हातात, नवऱ्यानं बायकोला लावला, आणि त्याच वाटेनं तो परत गेला. दिव्याच्या उजेडात थर्मामीटर बघून डॉक्टरनं सांगितलं, न्यूमोनिया. छातीला हात नाही, कान नाही. बाई गेली.

तुम्ही म्हणाल, ते १९२९. आता असं राहिलं नाही. खरंय. आता थर्मामीटर तीन हातांतून फिरत नाही. आता बाह्यरुग्ण विभागात एका पोराला दीड मिनिट मिळतं. आता शिवाशिवीचं कारण सांगायची गरज उरली नाही, गर्दीचं कारण पुरतं. कारण बदललं, पण छाती तशीच न शिवलेली राहिली. ज्याच्याकडं पैसे आहेत त्याच्या छातीला तीन तीन डॉक्टर नळ्या लावतात. ज्याच्याकडं नाहीत त्याला गुडघ्याची गोळी.

हे मी डॉक्टरांच्या जातीला शिव्या द्यायला लिहीत नाही. त्या डॉक्टरीणबाईची जात मला माहीत नाही, विचारलीही नाही. तिनं नळी लावली, पुरे झालं. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घालून दवाखान्यात आणलं, आणि त्यातच १० मार्चला त्या गेल्या. हृदयपरिवर्तनाची भाषणं त्यांनी दिली नाहीत. पोर उचललं. शिवणं म्हणतात ते ह्याला.

३

आता हे दुखणं येतं कुठून ते समजून घ्या, कारण कार्यकर्त्याला एवढं माहीत असलंच पाहिजे.

घशात एक जंतू बसतो. स्ट्रेप्टोकोकस. पाच ते पंधरा वर्षांच्या पोरांना जास्त गाठतो. शरीराचे सैनिक त्याच्याशी लढायला निघतात. पण त्या जंतूचं रूप आणि आपल्याच झडपेचं रूप थोडं मिळतंजुळतं असतं. सैनिक गोंधळतात. जंतू सोडून आपल्याच झडपेवर तुटून पडतात. रिपब्लिकन पक्षाच्या गटांसारखं समजा. शत्रू बाजूलाच राहतो आणि घर आतून पोखरलं जातं. सांधे दुखतात ते चार दिवस, सांध्यांचं काही बिघडत नाही. पण झडपेवर जो वण पडतो तो जन्माचा. घसा पुन्हा दुखला की पुन्हा हल्ला, पुन्हा वण. संधिवाताचा ताप म्हणतात त्याला.

हा जंतू जात बघत नाही, पण घर बघतो. एका खोलीत आठ माणसं झोपली की एकाचा खोकला आठांच्या तोंडात जातो. युरोप-अमेरिकेत हे दुखणं पेनिसिलीन यायच्या आधीपासूनच कमी व्हायला लागलं होतं. का? घरं मोठी झाली, गर्दी कमी झाली, पोटात अन्न गेलं. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात साडेपाच कोटी लोकांच्या हृदयाला हे लागलंय आणि वर्षाला ३ लाख ६० हजार माणसं त्यानं मरतायत. त्यात श्रीमंत देशांतली फार थोडी, आणि तिथंही ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या वस्त्यांत हे दुखणं ठाण मांडून बसलंय. म्हणजे तिथलाही गावकुसाबाहेरचा माणूसच.

गावकुसाबाहेर आपल्याला एवढीशी जागा दिली, ती मोजून दिली. त्या जागेचं मोजमाप आता पोरीच्या इकोत दिसतंय.

आणि कोयता. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रकात बसतात. पोरंही बसतात. पाच-सहा महिने उसाच्या फडात, पाचटाच्या खोपीत. ह्या दुखण्यावर एकदा निदान झालं की एकच इलाज आहे जो रोगाला पुढं सरकू देत नाही. दर २१ दिवसांनी पेनिसिलीनची लांब पल्ल्याची सुई, बेंझाथिन पेनिसिलीन. वर्षाला सतरा सुया. हृदयाला लागलेलं असेल तर किमान दहा वर्षं किंवा पंचविशीपर्यंत, ज्यांचं जास्त बिघडलंय त्यांना चाळिशीपर्यंत, कुणाला जन्मभर. आता हिशोब करा. सहा महिने फडात गेले की आठ-नऊ सुया बुडाल्या. एका हंगामात एक घसा दुखला की झडपेवर नवा वण. साखर कारखान्याच्या पोत्याचं वजन होतं, ह्या वणाचं वजन कोण करतं?

बीडमध्ये ऊसतोड बायांच्या गर्भाशयाचं प्रकरण २०१९ साली विधिमंडळात गाजलं. ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली आणि १३ हजारांवर बायांची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे बघा, आमच्या बाईच्या पोटातलं काढून टाकायला डॉक्टर तालुक्याच्या गावात हजर असतो. आमच्या पोरीच्या छातीतलं शिवून द्यायला मात्र मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते. काढायला जवळ, जोडायला लांब. हे वैद्यकशास्त्र नाही, हे समाजशास्त्र आहे.

४

आता ऑपरेशन. दोन रस्ते आहेत. झडप बदलणं किंवा झडप शिवणं. ह्यातला फरक आपल्या पोरीसाठी जगण्या-मरण्याचा आहे, म्हणून नीट वाचा.

बदलायची तर धातूची झडप बसते. आपल्या देशातही ती बनते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बनवली आणि १९९० च्या डिसेंबरात पहिल्यांदा माणसाच्या छातीत बसवली. चांगली गोष्ट आहे. तिनं हजारो जीव वाचवलेत. पण धातूवर रक्त गोठतं. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर झडप अडकते, किंवा गुठळी मेंदूत जाऊन अर्धांग. जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून वरचेवर रक्त तपासून गोळीचं माप ठरवावं लागतं. फडातल्या खोपीतून हे कोण तपासणार? आणि पोरगी उद्या लग्न करणार, दिवस जाणार. ही गोळी पोटातल्या गर्भाला बाधते. बाई वाचवायची की बाळ, हा प्रश्न गरिबाच्याच घरात का शिरावा?

दुसरी झडप असते जनावराच्या अंगातल्या पडद्याची, डुकराची किंवा गाईची. तिला कायमची गोळी लागत नाही, पण तरुण पोरांत ती लवकर झिजते, आठ-दहा-पंधरा वर्षांत पुन्हा छाती उघडावी लागते. जाता जाता एक सांगतो. २०१६ च्या जुलैत गुजरातमधल्या उना गावात मेलेल्या गाईचं कातडं काढलं म्हणून आपल्या पोरांना उघडं करून लोखंडी पाइपांनी मारलं. आणि त्याच गाईच्या हृदयावरच्या पडद्याची झडप बड्या बड्या घरांतल्या छात्यांमध्ये बसवलेली आहे. तिथं कुणी विचारत नाही, हे कातडं सोललं कुणी. छातीत चालतं. हातात चालत नाही.

तिसरा रस्ता दुरुस्तीचा. स्वतःचीच झडप ठेवायची आणि शिवायची. हृदय थांबवून, रक्त यंत्रातून फिरवून, जाड झालेला पडदा तासून मऊ करायचा. कमी पडतो तिथं हृदयाच्याच पिशवीचा तुकडा ठिगळासारखा लावायचा. आखडलेल्या दोऱ्या मोकळ्या करायच्या, तुटलेल्यांच्या जागी नव्या ओवायच्या. सैल झालेल्या तोंडाला कडं शिवून ते आवळायचं. मग पाणी भरून बघायचं, गळतंय का. पॅरिसच्या आलँ कार्पेंतिए ह्या सर्जननं हे शास्त्र शिस्तीत बसवलं आणि १९८३ साली जगापुढं मांडलं. आपल्या देशातही दिल्लीच्या एम्समध्ये संधिवाताच्या तापानं बिघडलेल्या झडपांची दुरुस्ती वर्षानुवर्षं झालीय. म्हणजे हे स्वप्न नाही.

खोटं बोलणार नाही. संधिवाताच्या तापाची झडप शिवायला अवघड. म्हाताऱ्या माणसाच्या झिजलेल्या झडपेइतकी ती टिकेल ह्याची हमी नाही. काहींना पुढं पुन्हा ऑपरेशन लागतं. फार बिघडलेली, चुन्यासारखी कडक झालेली झडप शिवता येतच नाही, बदलावीच लागते. आणि शिवल्यावरही पेनिसिलीन चालूच ठेवावं लागतं, नाहीतर पुन्हा वण. पण जिथं शिवता येते तिथं पोरगी गोळीची कैदी होत नाही. तिला मूल होऊ शकतं. म्हणून वेळेवर शिवायची. लवकर बघितली तर शिवता येते, उशीर केला तर बदलावी लागते, फार उशीर केला तर काहीच करता येत नाही.

आणि शिवायला लागतो हात. रोज शिवणारा हात. महिन्यातून एकदा शिवणाऱ्याच्या हाताला ते वळण येत नाही. इमारत बांधून, फीत कापून हात तयार होत नाही.

५

सरकारवर येऊ.

२ जुलै २०१२ ला जीवनदायी योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नांदेड त्यात होतं, लातूर नव्हतं. २०१३ च्या नोव्हेंबरात ती सगळ्या राज्यात आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव दिलं. दीड लाखाची मर्यादा २०२४ मध्ये पाच लाखांवर गेली. चांगलं झालं. अनेकांच्या छात्या ह्या योजनेत उघडल्या आणि शिवल्या गेल्या. ज्यांना हे माहीत नाही त्यांना सांगा, कार्ड काढा, हक्कानं जा. उपकार नाहीत.

पण योजनेची रीत बघा. झडप पूर्ण सडेपर्यंत पैसा नाही. सडली की लाखो. जिच्या दर २१ दिवसांच्या स्वस्त सुईनं झडप सडली नसती, ती सुई केंद्रावर आहे का, हे कोण विचारतं? खासगीवाले रिअॅक्शनच्या भीतीनं द्यायला तयार नसतात. सरकारी ठिकाणी आज आहे, उद्या नाही. सुईला फीत नसते, फोटो नसतो. ऑपरेशनला असतो. जोतिबांचं नाव लावलंत, पण जोतिबांनी हौद खुला केला होता, तहानेनं माणूस पडेपर्यंत वाट बघितली नव्हती.

आणि पेनिसिलीन काही परग्रहावरून येत नाही. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली सरकारनं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स काढली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं. ह्या देशातला सरकारी मालकीचा पहिला औषध कारखाना, आणि तो पेनिसिलीनसाठी, आपल्या महाराष्ट्रात. पुढं कारखान्यालाच आजारी पाडलं, पेनिसिलीनचा कच्चा माल चीनमधून यायला लागला, आणि २०२० नंतर तो पुन्हा देशात बनावा म्हणून खासगी कंपन्यांना अनुदानं द्यायची वेळ आली. हा आजार कुठल्या जंतूमुळं झाला ते वेगळं सांगायला नको.

२०१३ च्या फेब्रुवारीत पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. शाळा-अंगणवाड्यांतली पोरं तपासायची. यादीत संधिवाताचा हृदयरोग लिहिलेला आहे. कागदावर आहे! माझ्या भाचीच्या शाळेतही तपासणी झाली. वजन केलं, उंची मोजली, दात बघितले, जंताची गोळी दिली. छातीवर नळी? पोरगी म्हणते, "सदऱ्यावरूनच लावली मामा, एवढुशी." एका वर्गाला अर्धा तास.

कुणी म्हणेल, गरीब देश आहे, कुठून करणार. क्युबा श्रीमंत आहे का? तिथल्या पिनार देल रिओ प्रांतात १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षं त्यांनी चिकाटीनं काम केलं. यादी ठेवली, घरोघर गेले, सुई चुकू दिली नाही, लोकांना शिकवलं. शाळकरी पोरांत ह्या हृदयरोगाचं प्रमाण हजारी २.२७ वरून ०.२४ वर आलं. यंत्रांनी नाही. वहीनं आणि पायांनी.

आपल्याकडंही हात नव्हते असं नाही. १९६८ च्या फेब्रुवारीत परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी माणसाचं हृदय बदललं. जगातलं सहावं, आशियातलं पहिलं. रुग्ण वाचला नाही, पण धाडस कुठं झालं? पंचतारांकित इस्पितळात नाही. महापालिकेच्या दवाखान्यात, जिथं गिरणी कामगार रांगेत उभा राहायचा.

आणि २०१६ चा एप्रिल आठवा. लातूर तहानेनं मरत होतं. मिरजेहून पाण्याची गाडी निघाली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. आमच्या मुरुड स्टेशनावरूनच ती लातूरला गेली. रुळाच्या दोन्ही बाजूला माणसं उभी राहून बघत होती. सरकारला मनात आलं तर साडेतीनशे किलोमीटरवरून पाणी रुळावर आणता येतं. मग औषधाची एक बाटली मुरुडच्या फ्रिजमध्ये कायम का राहू नये? पाण्याची तहान शहराला लागली होती, म्हणून दिसली. धाप वस्तीला लागलीय, म्हणून ऐकू येत नाही.

६

आता आपल्यावर. रागावू नका. रागावलात तरी वाचा.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली. नाव कुठून घेतलं? अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. नाव घेतलं, मूठ घेतली, भाषा घेतली. पण ब्लॅक पँथरनं आणखी एक केलं होतं ते आपण घेतलं नाही. त्यांनी काळ्या वस्त्यांतून फुकट दवाखाने चालवले. सिकल सेलची तपासणी घरोघर केली, जेव्हा त्यांच्या सरकारला त्या दुखण्याची पर्वा नव्हती. विदर्भात आपल्या लोकांतही सिकल सेल आहे. आपण काय केलं? मोर्चा काढला. मोर्चा हवाच. पण मोर्चात पुढं चालणाऱ्या पोराची झडप गळतेय का, हे आपण विचारलं नाही.

आपल्या कवितांमध्ये काळीज किती वेळा येतं मोजा. पेटतं काळीज, फाटलं काळीज, काळजाचा अंगार. मीही लिहिल्यात. साला, फाटलेलं काळीज खरंच फाटलेलं असतं आणि ते टाक्यांनी शिवता येतं, हे मला भाचीच्या इकोनं शिकवलं.

१४ एप्रिलच्या डीजेचा खर्च मी सांगत नाही, तुम्हालाच माहीत आहे. एका वर्षी एका तासाचा डीजे कमी करा आणि बघा वस्तीतल्या किती पोरांचे इको होतात.

आणि लातूर पॅटर्न. आमच्या लातुरातनं दरवर्षी पोरं मेडिकलला जातात, त्याचे फ्लेक्स चौकाचौकात लागतात. त्यात आपलीही असतात. बाबासाहेबांच्या कलमानं गेलेली. त्यातले किती परत आले? १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याला बाबासाहेब शिकलेल्यांनी दगा दिला म्हणून भर सभेत हळहळले होते. सत्तर वर्षं होत आली. डॉक्टरसाहेब, महिन्यातला एक रविवार. सदरा काढायला लावा आणि ऐका. एवढंच मागतोय.

कुणाला वाटत असेल, हे शिवणकाम आपलं नाही, मोठ्या लोकांचं शास्त्र आहे, तर व्हिव्हियन थॉमस हे नाव पाठ करा. काळा माणूस. सुतारकाम शिकलेला, कॉलेजला जायचे पैसे बुडाले म्हणून प्रयोगशाळेत लागला. सुरुवातीला पगाराच्या कागदावर त्याला झाडूवाल्याच्या वर्गात टाकलं होतं. बाल्टिमोरला १९४४ मध्ये निळ्या पडणाऱ्या बाळाच्या हृदयाजवळच्या नळ्या जोडायचं पहिलं ऑपरेशन झालं, तेव्हा सर्जन ब्लालॉकच्या खांद्यामागं स्टुलावर उभा राहून कसं शिवायचं ते हा सांगत होता. कारण प्रयोगशाळेत ते आधी त्यानंच शिवून बघितलं होतं. नाव झालं डॉक्टरांचं. त्याला मानाची पदवी मिळायला १९७६ साल उजाडलं. शिवायची कला कुणाच्या बापाची नाही, दोस्तांनो. कातडं, चऱ्हाट, झाडू, गोधडी, ह्या देशात हातानं जोडायचं काम आपणच करत आलोय.

७

मग करायचं काय? भाषण नको. कामं सांगतो.

एक. वस्तीची वही करा. पाच ते पंधरा वर्षांचं प्रत्येक पोर. सांधे फिरून फिरून सुजले होते का? पळताना धाप लागते का? रात्री बसून झोपतं का? ज्याचं उत्तर हो, त्याला त्याच आठवड्यात छाती तपासायला न्या. घसा दुखून ताप असेल तर बिब्बा नको, गंडा नको. धम्म घेतलाय ना? मग दवाखाना.

दोन. ज्यांचं निदान झालंय त्यांची २१ दिवसांची तारीख तुमच्या वहीत असली पाहिजे. सुई दुखते, पोरं पळतात. धरून न्या, भजी खायला घाला, पण न्या. ज्याचं हृदय फार थकलंय त्याला सुई की गोळी, हे डॉक्टरलाच ठरवू द्या.

तीन. ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक केंद्रात बेंझाथिन पेनिसिलीन आहे का, दर महिन्याला विचारा. नसेल तर लेखी मागा. पोच घ्या. संविधानाच्या ४७ व्या कलमानं लोकांचं आरोग्य हे राज्याचं कर्तव्य सांगितलंय. १९९६ साली पश्चिम बंगाल खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी दवाखान्यानं तातडीचा उपचार नाकारणं म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग. तो खटला गाडीतून पडलेल्या एका गरीब मजुरासाठी होता. कागद जवळ ठेवा.

चार. ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांच्या सुईचं कार्ड कारखान्याच्या भागातल्या केंद्रावर चाललं पाहिजे. मुकादमाला उचलीचा हिशोब पाठ असतो, त्याला ह्या कार्डाचाही हिशोब द्यायला लावा. कारखान्याला जबाबदार धरा.

पाच. झडप शिवणारे हात मराठवाड्यात, सरकारी दवाखान्यात, रोज काम करताना दिसले पाहिजेत. नुसती सुपर स्पेशालिटीची पाटी नको. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस माणसं गेली, त्यात तान्ही लेकरं होती. चौकशा झाल्या. चौकशीनं झडप शिवत नाही. माणसं नेमा, औषध भरा, हात शिकवा.

आमच्याच बार्शी लाइनवर, कसबे तडवळ्याला, १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. महार आणि मांग, दोघांना एका मांडवात बसवलं. ही यादी करताना तेवढं लक्षात ठेवा. वही बौद्धवाड्याची नको. मांगवाड्यातलं, पारध्यांच्या पालावरचं, मुसलमान मोहल्ल्यातलं पोरही त्याच वहीत. जंतू एकच आहे.

भाचीला ऑपरेशनची तारीख मिळालीय. शिवता येईल की बदलावी लागेल, ते छाती उघडल्यावरच नक्की कळेल, असं सर्जन म्हणाले. बहिणीनं मला विचारलं, "दादा, त्यांना सांग ना, शिवूनच द्या म्हणावं."

सांगितलंय आक्का. आणि आता सगळ्यांना सांगतोय.

आम्हाला तुमचं हृदयपरिवर्तन नको. ते तुमच्याकडं ठेवा. आमच्या पोरांच्या छातीला आधी शिवा, आवाज ऐका, आणि मग झडप शिवा.

जय भीम.